राखेचा बुधवार आणि यंत्राचा मंगळवार

लोणावळ्याचा पावसाळा माणसांना मानवतो, कागदाला मानवत नाही. जून उलटला की धर्मग्रामाच्या कार्यालयातील लोखंडी कपाटातही ओल शिरते, नोंदवह्यांची पाने एकमेकांना चिकटतात आणि शंभर वर्षांपूर्वीची शाई पानाच्या पाठीवर उमटू लागते. स्नानसंस्कार, विवाह आणि मरण यांच्या या वह्यांत मावळातील ख्रिस्ती कुटुंबांची पाळेमुळे आहेत. घाटातील रेल्वेवर आलेले गोमंतकीय आणि तमिळ, अँग्लो-इंडियन ड्रायव्हर आणि गार्ड, बंगल्यांवरचे आचारी, नगरकडून कामासाठी आलेले आपले मराठी बांधव, सारे तेथे एका रांगेत उभे आहेत. कुणाला पासपोर्टसाठी, कुणाला लग्नासाठी, कुणाला आजोबांचे नाव नक्की कसे लिहीत हे पाहण्यासाठी त्यांतील एक ओळ हवी असते. म्हणून काही वर्षांपूर्वी आम्ही ठरविले, की पाने आणखी विरण्यापूर्वी सर्व नोंदी संगणकात उतरवून घ्याव्यात.

कामाला दोन तरुण मिळाले. एक महाविद्यालयात जाणारी मुलगी आणि एक बारावीतला मुलगा. मुलगी हुशार. तिने एक्सेलच्या तक्त्यात तारखेच्या शेजारी वाराचा एक रकाना जोडला आणि तेथे असे सूत्र बसविले, की तारीख लिहिताच यंत्राने आपणहून वार सांगावा. वहीत जेथे वार लिहिलेला असेल तेथे दोन्ही जुळतात की नाही हे लगेच कळावे, हा तिचा हेतू. आम्हांला कौतुक वाटले.

मरणाच्या वहीत एक नोंद निघाली. रेल्वेतील एका फायरमनचे चौदा महिन्यांचे मूल. दफनाची तारीख २८ फेब्रुवारी १९००. लॅटिन नोंदीच्या शेवटी त्या वेळच्या धर्मगुरूंनी आपल्या तिरप्या अक्षरात दिवस लिहिला होता : राखेचा बुधवार. यंत्राने त्या तारखेसमोर मंगळवार दाखविला.

"फादर, जुन्या फादरांनी वार चुकवलाय. लाल खूण करून ठेवू का?"

"जरा थांब, बाळ," आम्ही म्हणालो.

थांबण्याचे कारण असे, की कोणताही धर्मगुरू तारीख चुकेल, नावातले अक्षर चुकेल, पण राखेचा बुधवार चुकणार नाही. सकाळी ज्याने आपल्या अंगठ्याने गावाच्या कपाळावर राख लावली, तो संध्याकाळी मूल पुरून आल्यावर त्या दिवसाला मंगळवार म्हणेल, हे आमच्या बुद्धीला पटेना. मग आम्ही बोटांवर हिशोब मांडला. १९०० साली पुनरुत्थानाचा सण १५ एप्रिलला आला होता. राखेचा बुधवार त्याच्या आधी सेहेचाळीस दिवस. एप्रिलचे पंधरा दिवस मागे गेलो की ३१ मार्च. आणखी एकतीस दिवस मागे गेलो की २८ फेब्रुवारी. बुधवारच. जुने फादर बरोबर होते आणि जगभर कोट्यवधी लोक ज्याच्यावर भरवसा ठेवून पगार, कर्ज आणि व्याज मोजतात, ते यंत्र एका दिवसाने चुकत होते.

यंत्र चुकते म्हणजे काय होते, हे त्या रात्री आम्हांला सतावू लागले. पुढे वाचत गेलो, विचारत गेलो, आणि जे हाती लागले तो एक लांबलचक इतिहासच निघाला. त्याचे एक टोक रोममध्ये आहे, एक अमेरिकेत आणि एक आमच्या बोरघाटात. वाचकहो, विषय रुक्ष वाटला तरी थोडा धीर धरावा. प्रश्न आपल्याच वाडवडिलांच्या तारखांचा आहे.

संगणकाला तारीख कळते ती तीन मजल्यांवरून. तळमजल्यावर एक इवलेसे घड्याळ असते. यंत्राच्या मुख्य पाटीवर क्वार्ट्झचा, म्हणजे गारगोटीच्या जातीचा एक स्फटिक बसविलेला असतो. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा विचित्र दिसतो, पण तो मुद्दाम निवडलेला आहे; त्याला पंधरा वेळा निम्मे केले की नेमका एक उरतो, म्हणजे एक सेकंद. मनगटी घड्याळातही हाच स्फटिक. यंत्र बंद असताना त्याला जिवंत ठेवते ती रुपयाएवढी एक चपटी बॅटरी. मजला दुसरा म्हणजे कार्यप्रणाली : विंडोज, लिनक्स इत्यादी. यंत्र सुरू होताना ती खालच्या घड्याळाला एकदा वेळ विचारते आणि त्यानंतर बहुतेक वेळ आपली आपणच मोजत राहते. तिसऱ्या मजल्यावर आपला तक्ता. त्याला स्वतःचे घड्याळ मुळीच नसते. "आजची तारीख" असे सूत्र कुणी लिहिले, की तो कार्यप्रणालीला विचारतो आणि ती सांगेल ते उत्तर चौकटीत मांडतो. खालचा खोटे बोलला तर वरचे दोघेही निष्पाप मनाने तेच खोटे सांगतात.

या व्यवस्थेचा जन्मही गमतीचा आहे. १९८१ साली आय.बी.एम. कंपनीने जो पहिला पीसी बाजारात आणला, त्यात बॅटरीवर चालणारे घड्याळ नव्हतेच. यंत्र सुरू केले की डॉस ही प्रणाली प्रथम माणसालाच विचारी : आज तारीख कोणती? वेळ किती? कंटाळून माणूस नुसते बटण दाबी, आणि मग यंत्राच्या लेखी तो दिवस १ जानेवारी १९८० ठरे, कारण डॉसचे जग त्या दिवशी सुरू होते. १९८४ च्या पीसी-एटी या यंत्रात बॅटरीचे घड्याळ आले. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जन्मलेल्या युनिक्स या दुसऱ्या घराण्याचे जग १ जानेवारी १९७० ला सुरू होते. तेथून किती सेकंद झाले एवढेच ते घराणे मोजते.

आम्ही हे शिकलो ते फजितीतूनच. एका पावसाळ्यात वीज जाऊन-येऊन कार्यालयातील जुन्या यंत्राची बॅटरी संपली. सकाळी लग्नाच्या घाईत असलेल्या एका कुटुंबाला स्नानसंस्काराचा दाखला छापून दिला, सही केली, शिक्का मारला. दुपारी वधूचा मामा दाखला घेऊन परत आला. "फादर, दाखला दिल्याची तारीख १९८० ची आहे. मुलगी तर तेव्हा जन्मलीसुद्धा नव्हती." हसण्यासारखेच होते, आम्ही हसलो आणि दुसरा छापून दिला. मात्र पुढची गोष्ट हसण्यासारखी नव्हती. एका कार्यालयाने जुन्या दाखल्याची पडताळणी मागितली. यंत्रातील स्थळप्रत उघडली, तर तिच्यावर त्याच दिवसाची तारीख! दाखल्याच्या नमुन्यात "आजची तारीख" हे सूत्र होते, आणि ते सूत्र फाइल उघडली की नव्याने "आज" विचारते. आमची प्रत्येक स्थळप्रत रोज नवी होत होती. सुदैवाने दाखले दिल्याची वही हाताने लिहिलेली होती. तिने आमची लाज राखली.

पण बॅटरी बदलली, सूत्र काढले, तरी मंगळवार तो मंगळवारच राहिला. तो दोष घड्याळाचा नव्हता. तो मोजण्याच्या रीतीत होता.

तक्ता तारीख लिहून ठेवत नाही. तो दिवसांची संख्या लिहून ठेवतो. १ जानेवारी १९०० म्हणजे १, दुसरा दिवस म्हणजे २, याप्रमाणे. पडद्यावर दिसणारी तारीख हा त्या संख्येला चढविलेला पोशाख. दोन तारखांतील अंतर काढायचे तर एका संख्येतून दुसरी वजा केली की झाले. योजना सुरेख आहे. मात्र दिवस ओळीने मोजायचे तर कोणत्या वर्षी फेब्रुवारीला एकोणतीस दिवस, हे ठाऊक हवे. आणि ते ठरविले रोमने.

ज्युलियस सीझरच्या पंचांगात दर चौथे वर्ष लीप होते. त्यामुळे वर्ष सरासरीने सुमारे अकरा मिनिटे लांब पडे, आणि सोळाव्या शतकापर्यंत वसंतसंपात दहा दिवस मागे सरकला. पुनरुत्थानाचा सण त्या संपातावर आणि पौर्णिमेवर अवलंबून, म्हणून ही गोष्ट चर्चला बोचत होती. कॅलाब्रियातील वैद्य अलोयसियस लिलियस याने सुधारणेची योजना आखली. येशूसंघीय गणिती ख्रिस्तोफर क्लाव्हियस यांनी तिची बाजू विद्वानांपुढे सांभाळली. आणि पोप तेरावे ग्रेगरी यांनी फेब्रुवारी १५८२ मध्ये ती जाहीर केली. गुरुवार ४ ऑक्टोबर १५८२ नंतर शुक्रवार १५ ऑक्टोबर आला. त्याच रात्री आविलाच्या संत तेरेजा निवर्तल्या, म्हणून त्यांचा सण आपण १५ तारखेला पाळतो. तारखा गळल्या, वारांची साखळी मात्र तुटली नाही. शतकाच्या वर्षांसाठी नवा नियम झाला : चारशेने भाग जाईल तेच लीप. १६०० लीप; १७००, १८००, १९०० नाहीत; २००० पुन्हा लीप.

येथे एक उपकथा सांगण्याचा मोह होतो. पोर्तुगालने ही सुधारणा लगेच स्वीकारली, इंग्लंडने १७५२ पर्यंत स्वीकारली नाही. त्यामुळे मुंबई इंग्रजांकडे आल्यापासून १७३९ साली वसई मराठ्यांनी घेईपर्यंत, माहीमचे इंग्रज आणि वसईचे पोर्तुगीज एकमेकांना पत्र लिहीत तेव्हा त्यांच्या तारखांत आधी दहा आणि १७०० नंतर अकरा दिवसांचे अंतर असे. वसईच्या जुन्या कागदांवर काम करणाऱ्याने प्रथम हे पाहावे, की लेखणी कोणाच्या हातात होती. यंत्र हे पाहत नाही. असो.

आता अमेरिकेकडे वळू. १९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन या दोघांनी व्हिजिकॅल्क नावाचा पहिला लोकप्रिय संगणकी तक्ता तयार केला. १९८३ च्या जानेवारीत मिच केपॉर यांच्या लोटस कंपनीचा १-२-३ हा तक्ता आला आणि हिशोबनीसांनी तो डोक्यावर घेतला. त्या लोटसमध्ये १९०० हे वर्ष लीप धरलेले होते. चारने भाग जातो ना, मग लीप! शतकाची अट पाहायची नाही, एवढ्याने मोजणी सोपी होते आणि त्या काळी यंत्राच्या तुटपुंज्या स्मरणशक्तीत एकेका ओळीला मोल होते. क्लाव्हियसांनी जाड ग्रंथ लिहून ज्या अटीचे समर्थन केले, ती येथे गळून पडली. परिणामी लोटसच्या पंचांगात २९ फेब्रुवारी १९०० नावाचा एक दिवस आला. असा दिवस पृथ्वीवर कधी उगवला नाही.

मायक्रोसॉफ्टने एक्सेल काढले ते १९८५ साली अ‍ॅपलच्या मॅकिन्टॉशसाठी, आणि १९८७ मध्ये विंडोजसाठी. गिऱ्हाईक सारे लोटसचे. त्यांच्या फाइली जशाच्या तशा उघडल्या पाहिजेत, प्रत्येक तारखेची संख्या तीच राहिली पाहिजे. म्हणून मायक्रोसॉफ्टने ती चूक समजून-उमजून उचलली. एक्सेलमध्ये आजही साठावा दिवस २९ फेब्रुवारी १९०० आहे. १ मार्च १९०० पासून पुढे वार बरोबर यावेत अशी जुळणी असल्यामुळे त्या खोट्या दिवसाचे सारे ओझे आधीच्या दोन महिन्यांवर पडते. १ जानेवारी १९०० हा सोमवार होता. एक्सेल रविवार सांगते. आणि २८ फेब्रुवारीचा बुधवार मंगळवार होतो. आमच्या त्या मुलाचे दफन नेमके त्या एकोणसाठ दिवसांत झाले, तेही शेवटच्या दिवशी.

चूक सुधारत का नाहीत, असा प्रश्न मुलीने विचारला. सुधारली तर जगातील असंख्य तक्त्यांत साठवलेली प्रत्येक तारीख एका दिवसाने सरकेल. करारांच्या मुदती, विम्याचे हप्ते, सारेच. २००८ साली या फाइलींच्या रचनेला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला, त्या वेळीही लोक या लीप वर्षावरून बरेच हसले आणि बरेच भांडले. जुन्या फाइलींसाठी तो दिवस मानकातही राहिला. भारताने त्या मसुद्याच्या विरोधात मत नोंदविले होते. अर्थात त्याची कारणे याहून पुष्कळ होती. घराच्या पायात एक वाकडा दगड बसला, वर चार मजले चढले, आता तो दगड काढणार कोण?

मॅकिन्टॉशवाल्यांनी ही कटकट टाळण्यासाठी मोजणी १९०४ पासूनच सुरू केली होती. त्यामुळे एका पद्धतीच्या फाइलीतील तारखा दुसऱ्या पद्धतीच्या फाइलीत तशाच उतरविल्या, की त्या चार वर्षे एक दिवस, म्हणजे १,४६२ दिवसांनी सरकतात. इतकी मोठी चूक निदान डोळ्यांना दिसते. एका दिवसाची चूक दिसत नाही, हेच तिचे विष.

धर्मग्रामाच्या दृष्टीने याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. १९०० च्या आधी एक्सेलला तारीखच नाही. १२ मार्च १८९७ असे लिहिले, तर ते त्याला नुसती अक्षरे मानते, संख्या मानत नाही. वय काढायला सांगितले तर चूक दाखवते. तारखेच्या क्रमाने ओळी लावायला सांगितल्या तर आधी सर्व संख्या येतात आणि अक्षरे तळाशी जातात. प्लेगच्या सालातील पणजोबा २०१५ सालच्या पणतूच्या खाली जाऊन बसतात. आमच्या मुलांनी एकदा असा क्रम लावून ठेवला, आणि दोन दिवस आम्ही समजत होतो की जुनी वही उतरवायची राहूनच गेली. लिब्रेऑफिस हा विनामूल्य तक्ता या बाबतीत अधिक समंजस निघाला. त्याची मोजणी ३० डिसेंबर १८९९ ला शून्य धरते, त्यामुळे मार्च १९०० पासून ती एक्सेलशी जुळते. त्याआधीच्या तारखाही तो स्वीकारतो, आणि ४ ऑक्टोबर १५८२ नंतर थेट १५ ऑक्टोबरवर उडी घेतो. पोप ग्रेगरींची आज्ञा पाळणारा तक्ता पाहून आम्हांला, खरे सांगायचे तर, थोडा आनंद झाला.

तारखेचा घोळ येथवर झाला. वेळेचा घोळ याहून जुना आहे आणि तो आमच्या दारावरून गेलेला आहे.

खंडाळा ते पुणे ही रेल्वे १८५८ च्या जूनमध्ये सुरू झाली. पण घाट अजून फुटला नव्हता. मुंबईहून आलेला उतारू खोपोलीला उतरे, डोलीत, तट्टावर किंवा पायी घाट चढे आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसे. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते बोरघाटाचा मार्ग खुला झाला. पंचवीस बोगदे, आठ मोठे पूल आणि सदतीस फुटांना एक फूट अशी चढण. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल आल्यावर थोड्याच दिवसांत वारला, आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने अभियंत्यांच्या साहाय्याने काम तडीस नेले. घाटात मेलेल्या हजारो मजुरांची नावे मात्र कुठल्याही वहीत सापडत नाहीत.

रेल्वेपूर्वी लोणावळ्याचा मध्यान्ह लोणावळ्यालाच होई. सूर्य डोक्यावर आला की बारा. हे गाव सुमारे ७३ अंश २४ कला रेखांशावर आहे, म्हणून त्याची वेळ ग्रिनिचच्या पुढे चार तास त्रेपन्न मिनिटे आणि काही सेकंद. मुंबईची चार तास एक्कावन्न मिनिटे. दोन-अडीच मिनिटांच्या फरकाने कुणाचे अडत नव्हते. पण सर्व रेल्वेला एक वेळ हवी होती, आणि १८७० च्या सुमारास ती मद्रासच्या वेधशाळेची ठरली : ग्रिनिचच्या पुढे पाच तास एकवीस मिनिटे दहा सेकंद. तारेने ती देशभर जाई. म्हणजे लोणावळ्याच्या फलाटावरील घड्याळात बारा वाजत, तेव्हा गावच्या सूर्याप्रमाणे साडेअकरा वाजून दोन-तीन मिनिटे होत. मुंबईत गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी १८८१ साली हीच मद्रास वेळ शहरावर लादू पाहिली. पुण्याच्या महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे ते हेच. शहराने ती धुडकावली आणि दोन वर्षांतच सरकारला माघार घ्यावी लागली.

१ जानेवारी १९०६ पासून साऱ्या हिंदुस्थानासाठी साडेपाच तासांची प्रमाणवेळ आली. मुंबईच्या वेळेहून ती एकोणचाळीस मिनिटे पुढे. गिरणी कामगारांना अंधारात उठावे लागणार म्हणून त्या जानेवारीत गिरण्यांत दंगा झाला. मुंबई महापालिकेने तर पुढे चाळीसहून अधिक वर्षे आपली जुनी "मुंबई वेळ" सोडली नाही. एकाच रस्त्यावर दोन घड्याळे दोन वेळा दाखवीत. घाटमाथ्यावर आम्ही निमूटपणे रेल्वेची वेळ स्वीकारली. आज आमच्या देवळात दुपारी बाराला देवदूताच्या निरोपाची घंटा होते, तेव्हा सरासरीने पाहता सूर्याला माथ्यावर यायला आणखी छत्तीस मिनिटे लागायची असतात.

विंडोजमध्ये वेळेचा विभाग निवडायला गेले, की यादीत एक ओळ दिसते : चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली. पाच तास तीस मिनिटे. या चौघांपैकी तिघांनी एकेकाळी स्वतःची वेगळी वेळ जिवापाड जपली होती. लिनक्स आणि तत्सम प्रणाली जी कालविभागांची सूची वापरतात, तिच्यात इतिहासही आहे, पण तो कोलकात्याच्या नावाने. लोणावळ्यातील यंत्राला १८६५ सालची वेळ विचारा, ते कोलकात्याची सांगेल. १८९० ची विचारा, मद्रासची सांगेल. मुंबईची वेळ त्या कोष्टकात नाही. युद्धकाळाची आठवण मात्र तेथे आहे : सप्टेंबर १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ च्या मध्यापर्यंत देशातील घड्याळे एक तास पुढे होती. त्या तीन वर्षांत रात्री साडेबाराला जन्मलेले मूल नेहमीच्या प्रमाणवेळेने आदल्या दिवशी साडेअकराला जन्मलेले असते. घरी आई एक तारीख सांगते आणि इस्पितळाचा कागद दुसरी, असा प्रसंग त्या पिढीच्या एखाद्या आजीबाबत आला, तर आईला खोटे ठरविण्याची घाई करू नये.

या साडेपाच तासांनी आम्हांलाही एकदा चकविले. यंत्र मंद झाले म्हणून बारावीतल्या मुलाने त्यात विंडोजच्या जोडीला लिनक्स बसविले. हौशी पोर. काही दिवसांनी दिसले, की संध्याकाळच्या मिस्सेनंतर केलेल्या नोंदींवर दुसऱ्या दिवसाची तारीख पडते आहे. कारण असे : विंडोज तळमजल्यावरील घड्याळात स्थानिक वेळ ठेवते, कारण तिची पूर्वज डॉस तसेच करी, लिनक्स त्या घड्याळात जागतिक वेळ आहे असे धरून चालते, कारण तिचे पूर्वज दूरदूरच्या अनेक लोकांनी मिळून वापरायच्या यंत्रांवर वाढले. विंडोजने सायंकाळचे सात ठेवले, लिनक्सने त्यात साडेपाच तास मिळविले, झाली मध्यरात्र उलटून. एकाच घड्याळाकडे पाहून दोघे दोन वेळा सांगत होते. जोडलेले असते तर इंटरनेटवरून यंत्राने वेळ दुरुस्त करून घेतली असती. पण त्या आठवड्यात घाटात पाऊस असा होता, की फोनचीही खात्री नव्हती. शेवटी लिनक्सलाच स्थानिक वेळ पाळायला सांगितले आणि तंटा मिटला.

आणखी दोन सापळे आहेत, ते थोडक्यात सांगतो. वर्षाचे दोनच आकडे लिहिले, तर एक्सेल बराच काळ २९ पर्यंतचे आकडे दोन हजारात आणि ३० पासूनचे एकोणीसशेत घालत आले आहे. ही सीमा विंडोजच्या मांडणीत बदलता येते, पण बदलतो कोण? १९२८ साली स्नानसंस्कार झालेली आजी "२८" लिहिताच २०२८ मध्ये जाते, आणि १९३१ सालचा तिचा धाकटा भाऊ जागच्या जागी राहतो. दुसरा सापळा अमेरिकन मांडणीचा. तेथे महिना आधी, दिवस नंतर. आपण ३ एप्रिलसाठी ३-४ लिहितो, यंत्र ४ मार्च समजते. १३-४ लिहितो, तेव्हा तेरावा महिना नसल्याने ते गप्प बसते आणि अक्षरे म्हणून ठेवून देते. आमच्या पहिल्या तीनशे नोंदींत हा गोंधळ होता. सर्व पुन्हा तपासाव्या लागल्या.

युनिक्सच्या घराण्याचीही एक तारीख ठरलेली आहे. जेथे सेकंद मोजायला बत्तीस अंकस्थानांचाच रकाना आहे, तेथे तो १९ जानेवारी २०३८ रोजी आपल्याकडे सकाळी आठ वाजून चव्वेचाळीस मिनिटे सात सेकंदांनी भरेल, आणि पुढच्या क्षणी अशी यंत्रे डिसेंबर १९०१ मध्ये जातील. नव्या यंत्रांत रकाना रुंद केलेला आहे, जुनी किती उरतील ते दिसेलच. योगायोग असा, की तो दिवस मंगळवार आहे.

आता आमच्या तक्त्यात तारखेचा रकाना नाही. दिवस, महिना आणि वर्ष हे तीन वेगळे रकाने आहेत आणि त्यांत साध्या संख्या आहेत. वर्ष नेहमी चार आकडी. चौथ्या रकान्यात वहीचा आणि पानाचा क्रमांक. पाचव्यात धर्मगुरूंनी दिवस ज्या शब्दांत लिहिला असेल ते शब्द, जसेच्या तसे. सूत्राने वार काढण्याचा रकाना मुलीने स्वतःच पुसून टाकला. फायरमनच्या त्या मुलाच्या ओळीत पाचव्या रकान्यात तिने लिहिले आहे : "राखेचा बुधवार, वहीप्रमाणे. तपासले, बरोबर आहे."